बिशप आणि गावकर

लीलाचा फोन आला तेव्हा मी पुस्तकातल्या बिशपला शिव्या देत होतो.

अमेरिकेत आमिश म्हणून माणसं आहेत. ती घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात. बायका डोक्याला पांढरी टोपी बांधतात. त्यांच्या प्रेमाच्या गोष्टींची पुस्तकं निघतात आणि इकडे लंडनला, हॅरोच्या लायब्ररीत ती मोठ्या टायपात मिळतात. नेतात बहुतेक बायकाच. मीही नेतो. मॉरीन म्हणून एक म्हातारी तिथे मदतीला येते, तिनेच मला साठी उलटल्यावर इंग्रजी वाचायला शिकवलं. मराठी वाचायला त्याआधी शिकलो होतो, बोटीवरच्या एका आचाऱ्याकडून, मिशीत पांढरे केस दिसायला लागल्यावर.

मॉरीन माझ्यासाठी दोन प्रकारची पुस्तकं बाजूला काढून ठेवते. एक ही आमिशांची. दुसरी घरगुती खुनांची. त्यात एखाद्या लहानशा गावात खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. केक करणारी नाहीतर लोकर विकणारी एखादी बाई चौकशी करत फिरते, तिचं मांजर मध्ये मध्ये येतं, खुनी सापडतो आणि मग सगळे चहा पितात. मला ही दोन्ही फार आवडतात. भीती त्यांत असते, पण तिला कड असते. शेवटचं पान आलं की ती संपते.

माझी नात तनया मला चिडवते. ती केंब्रिजला नोकरी करते, शनिवार-रविवार घरी येते. तिचं मराठी इकडचं आहे. "आजोबा, तुम्ही लव्ह स्टोरी वाचता आणि तोंड असा करता जसा कोणी मेला."

तर त्या दिवशी पुस्तकातल्या बिशपने एका मुलीला वाळीत टाकलं होतं. तिच्या घरच्यांनी तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, असा हुकूम. तिची आई काय करते, तर एक लहान टेबल आणून मोठ्या टेबलापासून वीतभर अंतरावर ठेवते आणि दोन्हींवर मिळून एकच चादर घालते. टेबलं दोन, म्हणजे नियम मोडला नाही. मी ते पान दोनदा वाचलं आणि बिशपला आमच्या गावच्या भाषेत जे म्हणायचं ते म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, जेवलास काय?"

लीला माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्या गावी, खारशेतला, आईवडिलांच्या घरात एकटीच राहते. मी गाव सोडून पन्नासेक वर्षं झाली. आधी बोटीवर, मग साउथॅम्प्टनच्या गोदीत, मग बायको-मुलाला इकडेच आणलं. पण गावकीच्या, म्हणजे गावकर आणि त्याच्या पंचांच्या, लेखी आमच्या घराच्या वतीने शब्द देणारा घरकरी अजून मीच.

"नाही अजून. तू?"

"जेवले. दादा, तो तू तनूच्या लग्नाचा निरोप पाठवलास ना, आवाजातला?"

"हो."

"मला तो लावता येईना. चक्कीवर पिठाला गेले होते, तिथल्या माणसाला म्हटलं लावून दे. त्याने मोठ्याने लावला."

लग्नाचं सांगायचं तर नीट सांगावं म्हणून मी त्या निरोपात मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं ठणठणीत आवाजात बोललो होतो. सुयश नागपूरचा. बौद्ध घरातला. केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या घरात कुणाची हरकत नव्हती. माझा मुलगा विनय तर त्याच्याबरोबर क्रिकेट बघत बसतो.

"मग?"

"मग काय. पीठ पडायचं थांबलं, सगळे ऐकत राहिले. काल शशी गावकर येऊन गेला. ओटीवर बसला नाय, अंगणात उभ्यानेच बोलला. रविवारी देवळात बैठक हाय. तुला फोनवर बोलावणार."

"काय सांगायचं मी?"

"त्या मुलीशी आमच्या घराचा संबंध नाय, एवढंच सांगायचं म्हणतो. एवढं म्हटलंस की झालं."

"आणि नाही म्हटलं तर?"

पुढे काय होतं ते तिने सांगायची गरज नव्हती. आम्हा दोघांनाही ते माहीत आहे.

मी सात-आठ वर्षांचा असताना गावकीने आमचं घर टाकलं होतं. देवळाच्या कामाला बापाने होडी दिली नाही. होडी फुटकी होती, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. दुकानदार मीठ देईना. शाळेत आम्ही बसलो की त्या बाकावरची पोरं उठून जायची, म्हणून आईने शाळा बंद केली. रस्त्यात समोरून माणूस यायचा आणि आमच्या आरपार बघून जायचा. मारलं असतं तर बरं, असं वाटायचं. मग बाप तापाने गेला. खांदा द्यायला कुणी आलं नाही. परगावाहून मामा आला, त्याचे दोन मुलगे आले. चौथा खांदा माझा. माझी उंची पुरेना, म्हणून सगळी तिरडी माझ्या बाजूला कलली, आणि स्मशानापर्यंत मला एकच भीती होती की बाप माझ्या अंगावर पडेल. लीला तेव्हा आईच्या कडेवर होती. तिला आठवत नाही म्हणते. मला वाटतं, आठवतं.

आता ती सत्तरी ओलांडलेली, साखरेचा आजार, इन्शुलिन तालुक्याहून आणायचं ते गावातल्या रिक्षाने. आणि गावातली रिक्षा गावकीतल्याच माणसाची.

मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. विनय संध्याकाळी क्रॉयडनच्या कामावरून दमून यायचा. एकदा म्हणाला, "बाबा, यू ओके? जेवत नाही तुम्ही नीट."

"पोट बिघडलंय."

"जीपीला फोन करू?"

"ओवा खाल्लाय."

लायब्ररीत गेलो. मॉरीनने नवीन पुस्तक पुढे केलं. मी ते घेतलं, खुर्चीत बसलो आणि सरळ शेवटचं पान उघडलं. मॉरीनने ते पाहिलं.

"कमल, हे तू कधीपासून करायला लागलास? तूच मला म्हणाला होतास, आधी शेवट वाचणारा माणूस जेवणाआधी भांडी घासतो."

"आज भूक नाही," मी म्हटलं.

शेवटचं पान वाचूनही काही उपयोग झाला नाही. खुनी कोण ते कळलं, पण छातीतली धडधड होती तशीच. घरी येताना बसमध्ये शेजारी एक पंजाबी म्हातारा बसला होता. तो सहज दुसऱ्या सीटवर जाऊन बसला, खिडकीसाठी असेल, तर माझे तळहात ओले झाले. गाव तिकडे समुद्रापलीकडे होतं आणि मी इकडे हॅरोच्या बसमध्ये घाबरत होतो.

रविवारी विनय आणि सूनबाई तनयाच्या लग्नाच्या खरेदीला वेम्ब्लीला गेले. तनया आणि सुयश दुपारी जेवायला येणार होते. मी माझ्या खोलीत दार लावून बसलो. फोन आमिशांच्या पुस्तकाला टेकवून उभा केला. अंगावर शर्ट इस्त्रीचा घातला, का ते माहीत नाही.

पडद्यावर देऊळ दिसलं. फरशी नवीन, पंखे नवीन, माणसं सतरंजीवर बसलेली. बरीचशी चेहऱ्याने मला माहीत नव्हती. त्यांच्या आजोबांचे चेहरे मात्र मी त्यांत ओळखत होतो. मधोमध पाटावर नारळ. आमच्याकडे घरकऱ्याने नारळाला हात लावून शब्द दिला की तो देवापुढे दिलेला शब्द. नारळाला हात लागल्याशिवाय शब्द धरत नाहीत, चांगला नाही आणि वाईटही नाही. तिथे माझा हात पोचणार नव्हता, म्हणून माझ्या वतीने लीलाने हात लावायचा असं ठरलं होतं. ती दाराशी, खांबाला टेकून बसली होती. बायका गावकीत बोलत नाहीत.

"काय कमळू," शशी गावकर म्हणाला. लहानपणी आम्ही एकत्र खेकडे धरले होते. आता त्याचे दात नवे होते, पांढरेशुभ्र. "थंडी हाय काय तिकडं?"

"नाही. ऊन आहे."

"मग बरा हाय. हे बघ, कुणी रागावलेलं नाय. कोण कुणाला वाळीत टाकत नाय आता, कायदा हाय. आमी फक्त बोलत नाय. बोलायचं की नाय ते ज्याच्या त्याच्या तोंडाचं हाय ना?"

कुणीतरी हसलं.

"रिक्षावाल्याला सवड नसली तर नसली," शशी म्हणाला. "त्याला काय कायदा लावणार? मी तीनदा विचारणार, रीत हाय म्हणून. ती मुलगी लग्न करते त्या घरात, तर तिचा आणि तुमच्या घराचा संबंध राहिला काय?"

"आवाज नीट येत नाही," मी म्हटलं.

"येतोय रे. आमाला तुझा श्वास पण ऐकायला येतोय. दुसऱ्यांदा विचारतो. संबंध राहिला काय?"

"ती माझी नात आहे, शशी."

"ते आमाला माहीत हाय. नाती रक्ताने होतात, घरं गावाने होतात. तुझी बहीण रात्री-अपरात्री घेरी येऊन पडली, तर तुझी नात येणार काय उचलायला? लंडनहून?"

हा प्रश्न त्याने शांतपणे विचारला. मला तिरडीचा बांबू खांद्यावर जाणवला. खरंच जाणवला, कॉलरच्या खाली. चुलीशी पडलेली लीला दिसली, दाराबाहेरून जाणारी माणसं दिसली. तनया तरुण आहे, मी मनात म्हटलं, तिला एका शब्दाने काय होणार, तिला कळणारसुद्धा नाही.

"तिसऱ्यांदा विचारतो," शशी म्हणाला. "लीले, पुढं ये. नारळाला हात लाव."

मी तोंड उघडलं.

लीला खांबाला धरून उठली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागतो. सतरंजीच्या कडेकडेने पुढे आली, वाकली आणि नारळाला हात लावण्याऐवजी तिने तो उचलला. काखेत घेतला, आणि वळली.

"अगो, कुठं चालली नारळ घेऊन?"

"घरी."

"लीले, शब्द व्हायचा हाय अजून."

"मग दुसरा नारळ आणा. हा माझ्या परसातला हाय." ती फोन धरणाऱ्या माणसापाशी थांबली. पडद्यावर तिचा अर्धा चेहरा आला, एक डोळा आणि पांढरे केस. "दादा, तू माझ्या वतीने घाबरू नको. मी माझी घाबरते."

मग खूप आवाज एकदम झाले, फरशी दिसली, पंखा दिसला आणि फोन बंद झाला.

मी लीलाला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. इकडे खोलीत सगळं नेहमीसारखं होतं, खिडकीबाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता. तिला घेरलं असेल. ढकलली असेल. बाई आहे, म्हातारी आहे, हात लावणार नाहीत, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि हात न लावता काय काय करता येतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

खाली दार उघडलं. तनया आणि सुयश आले.

"आजोबा, काय झाला? तुम्ही व्हाइट झालात एकदम."

मी त्यांना स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. बिशपचं नाही, गावकरचं. तनया उभीच राहिली. तिने पुरतं ऐकलं आणि मग जे विचारायचं तेच विचारलं.

"आणि आजी उठली नसती तर तुम्ही काय सांगणार होता?"

"माहीत नाही."

"आजोबा."

"तोंड उघडलं होतं मी. त्यातून काय निघालं असतं ते मला खरंच माहीत नाही."

ती खिडकीकडे वळली. तिचे खांदे ताठ झाले होते. मला वाटलं, आता ही माझ्या आरपार बघणार. सुयशने पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. तो नागपूरचं छान मराठी बोलतो.

"आजोबा, वाळीत टाकायला माणसाला आधी आत घ्यावं लागतं," तो म्हणाला. "आमच्या पणजोबांना ती भानगडच नव्हती."

तो एकटाच हसला, मग थांबला. "सॉरी. घाबरलो की मी जोक मारतो. आजींना पुन्हा फोन लावा ना."

मी लावला नाही, कारण तेवढ्यात तिचाच आला. तिकडे तिन्हीसांजा झाल्या होत्या. तनयाने माझ्या हातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"दादा, जेवलास काय?"

"कुठे होतीस तू? किती फोन केले."

"विहिरीवर होते. नळाला पाणी सकाळीच येतं. हंडे, कळश्या, बादल्या, होतं तेवढं सगळं भरून ठेवलं. उद्या कुणी भरू देईल काय माहीत. मग नारळ फोडला. गोड निघाला."

"तुला कुणी काही केलं?"

"कुणी काय करत नाय. येताना चक्कीवाल्याच्या बायकोला हाक मारली, तर तिने दार लावून घेतलं. सुरू झालं, दादा."

"आजी," तनया म्हणाली, "तुला भीती वाटतो का?"

"वाटतो गो," लीला म्हणाली. आम्ही तिघंही हसलो, आणि तनया हसता हसता रडायला लागली. मग तिने ओट्याला टेकून बसकण मारली, माझ्यापासून लांब, पण त्याच खोलीत.

"फोन ठेवू नको," लीला हळू आवाजात म्हणाली. "अंगणात कोण तरी हाय."

"कोण?"

"दिसत नाय. दोघं-तिघं. चुलीकडच्या बाजूला गेले."

"कडी लावलीस?"

"दोन्ही दारांना लावली. तू काय तरी बोल, दादा. आवाज असू दे घरात. तुझ्या त्या पुस्तकातलं सांग."

सुयशने माझ्या खोलीत जाऊन टेबलावरची दोन्ही पुस्तकं आणली आणि माझ्यासमोर धरली. मी खुनाचं घेतलं. एक ओळ इंग्रजीतून मनात वाचायची आणि लीलाला आमच्या बोलीत सांगायची, असं सुरू केलं. गावच्या जत्रेत मुरांब्याची स्पर्धा आहे, म्हटलं. परीक्षक म्हणून एक जाडा माणूस आलाय. त्याने तिसऱ्या बरणीतला मुरांबा चाखला आणि तिथेच आडवा झाला.

"बरणी कुणाची?" लीलाने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"एका विधवेची. पण ती म्हणते, बरणी माझी, मुरांबा माझा नाही."

"तिने नाय मारला. बरणीवर नाव घालून कोण विष देतं? तिथं पाद्री हाय काय?"

"आहे."

"मग त्यानेच. असली माणसं पुढं पुढं करणारी."

मी पुढे सांगत होतो. तिच्या बाजूने पावलांचा आवाज आला, पाचोळ्यावर. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा. खण, खण. तनया उठून माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली.

"आजी, पोलिसला फोन करते मी. इथून करता येतो."

"थांब गो. कळलं मला." लीलाने श्वास सोडला. "नळ तोडतायत. अंगणातला. तोडू दे. हंडे आत हायत."

खण खण थोडा वेळ चाललं. मग पाणी वाहिल्याचा आवाज, मग तोही थांबला. पावलं लांब गेली की तिथेच उभी राहिली, ते तिला कळत नव्हतं आणि आम्हालाही नाही.

"मी येतो," मी म्हटलं. "विनयला सांगतो, उद्याचं तिकीट काढ."

"उद्याचं नको. तनूचं लग्न हाय पंधरवड्यात. तिथं उभा राहा, मग ये."

"तोवर तू एकटी?"

"एकटीच होते की. पोरीने पोलिसला सांगायचं तर सांगू दे, नळाचं. मी सही देईन, अंगठा देईन. पण तू लग्न सोडून येऊ नको. मग त्यांचंच झालं."

"लीला, तिथे आपण दोघंच असणार. दोघंही म्हातारी. एक गेलं तर दुसऱ्याने काय करायचं? कोण येणार?"

"जो जाईल त्याने तरी काळजी करायला नको," लीला म्हणाली.

सुयश तोंडावर हात ठेवून हसला. मला हसू आलं नाही. मला त्या घराचं दार दिसत होतं, ओटी, आणि समोरून न बघता जाणारी माणसं, आणि आता तिथे मी स्वतः जाऊन बसणार होतो. भीती गेली नव्हती. फक्त ती आता कुठे ठेवायची ते ठरलं होतं.

तनयाने आपल्या फोनवर तिकडच्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधायला घेतला. दुसरा हात तिने माझ्या खांद्यावर ठेवला होता, जरा जोरातच.

"दादा," लीला म्हणाली, "झोपलास काय? पुढं सांग. पाद्र्याला धरला की नाय?"

पुस्तक मांडीवर मिटलं गेलं होतं. मी पान शोधायला लागलो. ओळ सापडत नव्हती, आणि पलीकडे ती वाट बघत होती.